डाळिंबात कपाशी, दोनच हंगाम

मालेगावच्या माळमाथ्यावर डाळिंब लावणाऱ्याला तेल्या रोगाची काळजी नंतर लागते. आधी लागते ती दोन वर्षं घर कशावर चालवायचं याची. खड्डे, रोपं, ठिबक यांत हात रिकामा होतो आणि पहिला बहार धरायला दीड-दोन वर्षं थांबावं लागतं. माझ्या सासऱ्यांनी यावर कपाशी काढली. तिला दिवाळीच्या सुमारास रोख पैसा येतो, एवढंच त्यांचं गणित.

डाळिंबाचा भगवा वाण आम्ही १५ बाय १० फुटांवर लावला. पंधरा फुटांच्या पट्ट्यात दोन्हीकडच्या झाडांपासून पाच-पाच फूट सोडले की मधे पाच फुटांच्या अंतराने कपाशीच्या दोन ओळी बसतात. दुसऱ्या पावसाळ्यात एकच ओळ, मधोमध. तिसऱ्या वर्षी एकही नाही, मग भाव कितीही चढो. तोवर डाळिंबाचा घेर वाढलेला असतो, कपाशीही कंबरेच्या वर जाते आणि बागेत हवा खेळत नाही. तेल्याला एवढं पुरतं.

कृषी खात्याचे लोक मूग-उडीद सुचवतात. चुकीचं नाही ते. मूग दोन-अडीच महिन्यांत निघतो, जमिनीला नत्र देऊन जातो. कपाशी खादाड, शिवाय जूनपासून ठाण मांडून बसते. म्हणून तिचं खत वेगळं टाकायचं, झाडाच्या वाट्याचं तिला पुरवायचं नाही.

खरी भीती किडींची. मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण हे दोन्ही पिकांवर सुखाने नांदतात. कपाशीच्या शेंड्याचं पान उलटून पाहायचं; खाली मावा चिकटलेला दिसला की डाळिंबाची कोवळी फूटही त्याच दिवशी तपासायची. जमिनीत सूत्रकृमी असतील तर मात्र कपाशी घालूच नये. त्या कपाशी आणि डाळिंब दोन्हींच्या मुळांवर गाठी करतात आणि गाठाळलेल्या मुळांतून मर रोगाला आत शिरायला वाट मिळते. कोळपं झाडाच्या बुडाशी नेणाऱ्या गड्यालाही मी हेच सांगते: मूळ तुटलं की रोगाला दार उघडलं. तिथे खुरपंच बरं, आणि तेही वरवर.

बांधावर सीताफळ आहे. त्याला शेळी तोंड लावत नाही, हा मोठा गुण. पण पिठ्या ढेकूण त्यालाही प्रिय, त्यामुळे पाहणी बांधापासूनच सुरू होते. पलीकडे पेठ-सुरगाण्यात बायफ संस्थेच्या वाड्यांत, म्हणजे फळबागांत, आंबा-काजूखाली नागली घेतात. तिथला पाऊस कपाशीला सोसणारा नाही. आमच्याकडे तो बेताचा पडतो, म्हणून हे जमतं.

हिशेबात कोणी धरत नाही ती वेचणी. बोंडं फुटतात आणि नेमकी कांद्याची लागण येते. बायका कांद्याला जातात, कारण तिथली मजुरी जास्त. मग दव सुकायच्या आत आम्ही घरचेच वेचायला. हा कापूस ओला, तो पसरून वाळवल्याशिवाय भरायचा नाही, आणि कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेगळी काढायची.

नोव्हेंबरअखेर झाडावर हिरवी बोंडं उरतात आणि फरदड ठेवायचा, म्हणजे तीच कपाशी पुढे लांबवायचा मोह होतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने राज्यभर जो हाहाकार केला, त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघत नाही. बीटी बियाणं आहे म्हणून ही अळी थांबत नाही, आणि लांबवलेल्या कपाशीत तिचं आयतंच फावतं. डिसेंबर लागताच आम्ही पऱ्हाट्या उपटतो. दुसऱ्या वर्षी तर ते करावंच लागतं, कारण आंबे बहारासाठी तेव्हाच बागेचं पाणी तोडायचं असतं. जानेवारीत छाटणी, मग पहिलं पाणी.