रक्तांतील प्रथिनांचा शेवट कोठें होतो ?

रक्ततपासणीचा कागद ही हल्लीं घरोघरीं नित्याची वस्तु झाली आहे. त्यांत ‘अल्ब्युमिन’ या नांवापुढें एक आंकडा असतो. निरोगी माणसांत तो दर शंभर मिलिलिटर रक्तरसास साडेतीन ते पांच ग्रॅम इतका येतो. घरांतील वडील माणसाचा आंकडा खालीं गेला, पायांवर सूज दिसूं लागली, कीं ‘पोटांत कांहीं जात नाहीं म्हणून असें झालें’ असा निकाल देऊन मंडळी डाळ आणि दूध यांचा मारा सुरू करितात. या निकालास आमची हरकत आहे. मूत्रपिंडावाटे अल्ब्युमिन गळत असेल, यकृत थकलें असेल किंवा अंगांत दाह चालू असेल, तर नुसत्या अन्नानें तो आंकडा वर येत नाहीं. हें नीट समजण्यास रक्तांतील प्रथिनें रोज जन्मतात आणि रोज मरतात, ही गोष्ट प्रथम ध्यानीं घेतली पाहिजे.

यकृत दररोज सुमारें १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन रक्तांत सोडतें, तरी त्याचें प्रमाण वाढत नाहीं. अर्थात् तितकेंच जुनें अल्ब्युमिन रोज कोठें तरी मोडलें जात असलें पाहिजे. शरीर हें एकदां बांधलेलें यंत्र व अन्न हें त्याचें जळण, अशी पूर्वीच्या पंडितांची समजूत होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत रुडॉल्फ शोएनहायमर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ती मोडून काढली. जड नायट्रोजनची खूण केलेलीं अमिनो आम्लें त्यांनीं उंदरांस चारलीं. उंदरांचें वजन वाढलें नाहीं, पण खुणेचा मोठा भाग त्यांच्या अंगच्या प्रथिनांत जाऊन बसला. म्हणजे जुनें जाऊन त्याच्या जागीं नवें आलें होतें.

तें मोडतें कोठें, हें शोधणें मात्र कठीण गेलें. प्रथिनास किरणोत्सारी आयोडीनची खूण करावी, तर प्रथिन मोडतांच ती खूण पेशींतून निसटून जाई. पुढें १९८० च्या सुमारास एक युक्ति निघाली : जी शर्करा पेशीस पचत नाहीं व जी सहसा बाहेरहि पडत नाहीं, तिच्याद्वारें खूण जोडावयाची. मग जेथें प्रथिन मोडेल तेथेंच खूण सांपडते. उंदरांवरील या प्रयोगांत अल्ब्युमिनच्या नाशाचा मोठा वाटा स्नायू व त्वचा यांचा निघाला. ज्यानें तें घडविलें त्या यकृताचा वाटा लहानच होता.

आतां मोडण्याची रीत. पेशीचें आवरण आंत दुमडून रक्तरसाचा जणूं एक घोट घेतें. त्याची पिशवी होते आणि ती आंत सरकत जातांना आम्ल होत जाते. शेवटीं ती लयकारिकेस मिळते. या लयकारिकांचा शोध मौजेचा आहे. बेल्जममधील लूव्हें येथें क्रिस्तियां द द्यूव्ह हे इन्शुलिनचा यकृतावरील परिणाम तपाशीत होते. एका विकराचा जोर ताज्या अर्कांत फारच कमी भरला. तोच अर्क कांहीं दिवस थंड पेटींत ठेवल्यावर जोर वाढलेला दिसला! दुसरा कोणी असता तर त्यानें तो अर्क फेकून दिला असता. द द्यूव्ह यांनीं अनुमान केलें कीं, विकर एका पडद्याआड कोंडलेला असून पडदा फाटल्यावर बाहेर येतो. १९५५ मध्यें त्यांनीं या पिशव्यांस ‘लायसोसोम’ असें नांव दिलें आणि १९७४ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. ग्रीक भाषेंत ‘लिसिस’ म्हणजे विघटन व ‘सोम’ म्हणजे शरीर. आपल्या सोमरसाशीं त्याचा संबंध नाहीं. तसेंच आयुर्वेदांतील धात्वग्नीची कल्पना सुंदर असली, तरी पूर्वजांस लयकारिका ठाऊक होत्या असें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. लयकारिकेंतील विकर आम्लांतच प्रखर असतात. ते प्रथिनाचे तुकडे करून अमिनो आम्लें मोकळीं करितात आणि तीं पुन्हां नव्या प्रथिनांच्या कामीं येतात.

परंतु आंत गेलेलें सारेंच मोडत नाहीं. वेल्समधील बँगोर येथें ब्रॅम्बेल हे मातेच्या रक्तांतील प्रतिपिंडें पिलाकडे कशीं जातात याचा अभ्यास करीत. त्यांनीं असा तर्क मांडला कीं, प्रतिपिंडांस धरून नाशापासून वांचविणारा एक ग्राहक असला पाहिजे. तो पुढें सांपडला. आम्ल पिशवींत तो प्रतिपिंडास घट्ट धरतो, पेशीच्या कडेशीं परत नेतो आणि रक्ताचा स्पर्श होतांच सोडून देतो. अल्ब्युमिनसहि तोच वांचवितो, हें २००३ मध्यें कळलें. म्हणूनच या दोन प्रथिनांपैकीं निम्मीं नाहींशीं होण्यास तीनएक आठवडे लागतात. ज्यांस हा त्राता लाभत नाहीं त्यांचीं अनेक भावंडें थोड्या दिवसांतच संपतात.

मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारांत रोग्याचीं स्वतःचींच प्रतिपिंडें मज्जातंतु व स्नायु यांच्या सांध्यावर हल्ला करितात. पापण्या मिटूं लागतात, घांस गिळवत नाहीं. २०२१ मध्यें अमेरिकेंत मान्य झालेलें एफगार्टिजिमॉड हें औषध त्या ग्राहकाची प्रतिपिंड धरण्याची जागाच अडवितें. मग प्रतिपिंडें परत न फिरतां लयकारिकेंत जातात व रक्तांतील त्यांचा साठा उतरतो. अल्ब्युमिन धरण्याची जागा निराळी असल्यामुळें तें मात्र पूर्ववत् वांचत राहतें.