नदीकाठचा कसबा : घर आणि हत्यार

पुण्याचा इतिहास म्हटला की शनिवारवाडा डोळ्यांसमोर येतो. त्याची पायाभरणी १७३० सालची. मुठेकाठची कसबा पेठ त्याहून जुनी. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने हे गाव उद्ध्वस्त केले आणि पुढे जिजाऊसाहेबांच्या देखरेखीखाली ते पुन्हा वसले, हे आपण जाणताच. मला बोलावयाचे आहे ते येथील कष्टकऱ्यांच्या घरांविषयी.

आळ्यांची नावेच पाहा. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा! येथे पत्ता म्हणजेच धंदा. कुंभाराला माती व पाणी हवे, म्हणून तो नदीलगत. कारागिराचे घरही याच हिशेबाने बांधलेले. रस्त्याकडे काम, मागे माजघर आणि चूल. खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये विटामातीच्या जाड भिंती. माळ्याचा व छपराचा भार मुख्यतः लाकूड पेलते. माती उन्हाळ्यात गारवा देते.

हीच माती १२ जुलै १९६१ रोजी घातक ठरली. बांधकाम चालू असलेले पानशेतचे धरण सकाळी फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. पाणी जोत्यावर चढले, भिंतींचा चिखल झाला. नदीकाठच्या पेठांतील हजारो संसार उघड्यावर पडले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत वसाहती उभ्या राहिल्या. निवारा मिळाला, हे मोठेच काम झाले. पण खोली बांधून देता येते. शेजारची आळी, ठरलेले गिऱ्हाईक आणि उसने मिळणारे हत्यार बांधून देता येत नाही.

आज पूर नाही, पुनर्बांधणी आहे. जुने वाडे जीर्ण झाले आहेत. ते पडून माणसे मरावीत असे कोण म्हणेल? भाडेकरूला पक्के घर मिळालेच पाहिजे. परंतु तांब्याच्या भांड्याला मठारणारा तांबट आपली भट्टी व ऐरण चौथ्या मजल्यावर कशी नेणार? कराराच्या कागदावर चौरस फुटांचा हिशेब असतो, हातोड्याच्या जागेचा नसतो.

म्हणून मागणी साधी आहे. जेथे कारागीर राहतो व राबतो, तेथे नव्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याच्या कामाची जागा करारातच लिहिली जावी, आणि सही करण्यापूर्वी आळीने एकत्र बसून तो कागद वाचावा. एकट्याने केलेली सही स्वस्तात जाते, हे कामगाराला वेगळे सांगावयास नको.