आवंढा

अक्कलकोटहून सोलापूरला परतताना वळसंगला चहासाठी थांबले होते. समोरच्या शाळेच्या व्हरांड्यात आठ-दहा बायका एका ओळीत बसल्या होत्या. माना खाली, डोक्यावरचे पदर पुढे ओढलेले आणि प्रत्येकीच्या हातात ओठांना टेकवलेली बोटभर प्लास्टिकची नळी. कुणीही बोलत नव्हतं. गावातल्या दहा बायका एकत्र बसल्यात आणि आवाज नाही, हे मी कधी पाहिलं नव्हतं. चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘सोलापूरचे दाताचे डॉक्टर आलेत. लाळ तपासायलेत.’’

गाडीतल्या माणसांना पुढे जायला सांगितलं आणि मी रस्ता ओलांडला.

व्हरांड्यात लवंगेच्या तेलाचा वास भरून राहिला होता. आत वर्गात दोन डॉक्टर दात बघत होते, तिथे नेहमीची शिबिराची गडबड होती. बाहेर मात्र एकटी तरुण डॉक्टरबाई घड्याळ घेऊन बायकांसमोर उकिडवी बसली होती. ती पदव्युत्तर शिक्षण घेत होती आणि हा तिच्या प्रबंधाचा भाग होता. पद्धत साधी. दीड तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, मिश्री लावायची नाही. बसल्यावर तोंडातलं आहे ते आधी गिळून टाकायचं. मग मान खाली घालून पाच मिनिटं स्वस्थ बसायचं. खाकरायचं नाही, जीभ हलवायची नाही, साठेल ते नळीत सोडायचं.

गावच्या आशाताईंची मात्र पंचाईत झाली होती. त्या इतकी वर्षं क्षयरोगाच्या तपासणीसाठी डब्या वाटत आल्या आहेत. ‘‘तेव्हा मी घसा फोडून सांगते, नुसती लाळ देऊ नका, छातीतून खाकरून बेडका काढा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि या मॅडम म्हणतात, बेडका नको, लाळ पाहिजे. बायका मला विचारायल्यात, ताई, नक्की काय थुंकू?’’

ओळीत शेवटी एक आज्जी होत्या. कपाळावर गोंदण, नाकात चमकी, बोटांची टोकं काळपट. चाळीस वर्षं विड्या वळल्या, दिवसाला हजार. आता सोलापूरची खोली सोडून लेकाकडे वळसंगला असतात. बाकीच्यांच्या नळ्या भरत होत्या, आज्जींची कोरडी. त्यांनी दोनदा डॉक्टरबाईकडे पाहिलं. मग नळी पदराआड लपवली, शाळेत गणित न आलेलं पोर पाटी लपवतं तशी.

‘‘थुकीच न्हाई की गं बाई तोंडात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आवंढासुदिक गिळवत न्हाई.’’

पाच मिनिटं झाली. डॉक्टरबाईनं नळी हातात घेतली आणि उजेडाकडे धरून तिच्यावरच्या रेघा वाचल्या. 0.4. म्हणजे एका चमच्याचा दहावा भागसुद्धा नाही.

मिनिटाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिलिटर लाळ आपसूक सुटावी, अशी अपेक्षा असते. 0.1 च्या खाली गेली, की तोंड कोरडं पडल्याचं दंतवैद्य मानतात. आज्जींचे 0.4 पाच मिनिटांचे, म्हणजे मिनिटाला 0.08. डॉक्टरबाईनं आकडा लिहिला, पण वही मिटली नाही. ती आज्जींच्या शेजारी फरशीवर बसली आणि विचारायला लागली. जेवण कसं करता? भाकरी आमटीत कुस्करून, नाहीतर घशाला चिकटते. रात्री? दोनदा-तीनदा उठून पाणी. मग हळूच आज्जींनी कनवटीची चंची सोडून दाखवली. तिच्यात मिश्रीची डबी आणि कागदात गुंडाळलेल्या लिमलेटच्या पाच-सहा गोळ्या होत्या. तोंडाला पाणी सुटावं म्हणून दिवसभर गोळी चघळायची. गोळी संपली की मिश्री, तिनंही थोडी लाळ सुटते.

त्या गोळ्यांपाशी मी थबकले. आज्जींना साखरेचा आजार आहे, नऊ वर्षं. साखर वाढली की तोंड कोरडं पडतं. तोंड कोरडं पडलं म्हणून गोळी चघळायची, गोळीनं साखर वाढायची आणि उरलेसुरले दात किडायचे. शिवाय तळपायांची आग होते म्हणून रात्री एक गोळी चालू होती. डॉक्टरबाईनं पाकीट उलटंसुलटं करून वाचलं: अ‍ॅमिट्रिप्टिलीन. नसांच्या दुखण्यावर ती उपयोगी पडते, पण लाळ आटवते. आज्जींच्या साखरेची, रक्तदाबाची, पायांची वेगवेगळी कार्डं होती. तोंडाचं कार्ड कुठेच नव्हतं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांच्या सरकारी तपासणीत तोंड बघतात खरं, पण ते कर्करोगाचा डाग शोधायला. ते बघायलाच हवं; 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ मिश्री, तंबाखू, मावा असं काहीतरी तोंडात धरणारे निघाले होते. पण डाग नाही म्हटल्यावर तोंड पुन्हा मिटतं. हिरड्यांतून रक्त येतं का, लाळ सुटते का, हे कुणी विचारत नाही.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि तिच्या एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींच्या घरात जिवाणू असतात. माणसाच्या तोंडात आजवर त्यांच्या सातशेच्या वर जाती सापडल्या आहेत. ते पहिल्यांदा पाहिले डेल्फ्टच्या लेव्हेनहूकनं. तो कापडाचा व्यापारी, सुताची वीण भिंगाखाली बघणारा. 1683 साली त्यानं स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. सूत तपासणाऱ्या माणसाला हे दिसलं, याचं गिरण्यांच्या या जिल्ह्यात तरी कौतुक वाटायला हवं.

हे सगळे जीव शत्रू नसतात, यावर डॉक्टरबाई फार जीव तोडून बोलते. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे काही जिवाणू पालक, शेपू, बीट यांतलं नायट्रेट घेऊन त्याचं नायट्राइट करतात. पुढे शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात. माणसाला हे काम स्वतःला येत नाही. जंतुनाशक औषधाच्या गुळण्या रोज करायला लावल्यावर काही प्रयोगांत लोकांचा रक्तदाब किंचित वाढलेला दिसला, तो यामुळेच. म्हणजे आपण शेपूची भाजी खातो, ती अर्धी त्यांच्यासाठी. लाळ या वस्तीला धुते, आम्ल मारते, दातांना कॅल्शियम पुरवते. लाळ आटली की वस्तीचं मान बदलतं. आम्लात तगणारे माजतात: दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, लॅक्टोबॅसिलस, शिवाय कॅन्डिडा ही बुरशी. आज्जींच्या कवळीखालचा टाळा लालभडक होता आणि पुसता येईल असा पांढरा थर त्यावर होता. नळीतल्या थेंबात बुडवलेली कागदाची पट्टी 6 च्या आसपासचा रंग दाखवत होती. 5.5 च्या खाली दाताचं कवच विरघळू लागतं. उरलेला थेंब बर्फाच्या डब्यातून सोलापूरला जाणार होता. तिथे दोन दिवसांनी बशीत काय उगवतं, ते डॉक्टरबाईनं मोबाइलवर दाखवलं. दुसऱ्या कुणाच्या तरी लाळेतले म्यूटन्स होते ते, निळसर खसखस सांडल्यासारखे.

आता शहरांत घरबसल्या नळीत थुंकून पाठवायचे संच मिळतात. काही हजार रुपये भरले की तुमच्या तोंडातल्या जिवाणूंची यादी रंगीत आलेखांसह येते. मला त्यांच्याविषयी शंका आहे. निरोगी तोंडातली वस्ती नेमकी कशी असावी, यावर अजून जगात एकमत नाही; मग यादीचं करायचं काय? तोंडातल्या जिवाणूंवर जगातल्या सगळ्या आजारांचं खापर फोडायची घाईही झाली आहे. हिरड्यांच्या रोगातला पोर्फायरोमोनस जिंजिव्हालिस अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचं 2019 साली गाजलं होतं. त्याच्या विकरांना रोखणारं औषध तयार झालं, पण 2021 मध्ये मोठ्या चाचणीत ते मुख्य कसोटीवर उतरलं नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत तोंडातला फ्यूसोबॅक्टेरियम वारंवार सापडतो, ते खरं आहे. तो तिथे काय करतो, यावर काम चालू आहे.

पण साखर आणि हिरड्या यांचं नातं मात्र पक्कं आहे. हॅराल्ड लो या दंतवैज्ञानिकानं 1993 मध्येच हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या रांगेत हिरड्याही आल्या. आणि हे दोन्हीकडून चालतं. साखर वाढली की हिरड्या सुजतात, हिरड्या सुजल्या की साखर हटून बसते. हिरड्यांखालचा थर नीट काढून घेतला, तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सरासरी किती उतरतो, असं मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाली, अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यात, साधारण 0.4.

पुन्हा तोच आकडा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, एक मिलिलिटरमधला आणि दुसरा टक्क्यांतला. तरी परत येताना तो माझ्या डोक्यात घुमत राहिला. लाळ 0.4 च भरली, एवढ्या लाळेवर एक बाई भाकरी गिळू शकत नाही, आणि 0.4 उतरवण्यासाठी दुसरं औषध सुरू करायला डॉक्टर एरवी मागेपुढे पाहत नाहीत. दात साफ करून घ्या, असं मात्र कुणी लिहून देत नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नव्हती. पदराआड लपवलेली ती नळी. आपल्याकडे थुंकी म्हणजे घाण. माणसाची किंमत काढायची तर त्याच्यावर थुंकतात, लाचार माणूस दुसऱ्याची थुंकी झेलतो. वळसंगच्या घराघरांत कानडीही बोलतात, आणि कानडीत लाळेला ‘एंजलु’ म्हणतात, उष्ट्यालाही ‘एंजलु’च. एका शब्दात सगळा विटाळ. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकायला गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहिलं आहे. आणि याच वळसंगमध्ये ती विहीर आहे, जिचं पाणी 1937 साली बाबासाहेबांच्या हस्ते खुलं झालं. त्या गावात एक शिकलेली मुलगी एका विडी कामगार बाईची लाळ उजेडाकडे धरून डोळे बारीक करून बघते, जपून बर्फात ठेवते. आज्जी तिच्या हाताकडे बघत होत्या. मी आज्जींकडे बघत होते.

थुंकीकडे असं बघायला कोविडात आपण सगळेच थोडं शिकलो. नाकात काडी घालण्याऐवजी मिठाच्या पाण्याची गुळणी करून नळीत टाकायची पद्धत नागपूरच्या नीरीनं काढली, 2021 च्या मे महिन्यात तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. लाळेतून पुढे आणखी पुष्कळ काही कळेल. पण त्या व्हरांड्यात जे कळलं ते एका नळीनं, एका घड्याळानं, आणि शेजारी बसून विचारणाऱ्या एका मुलीनं. यंत्र नव्हतं.

त्या दिवशी तिनं आज्जींना चारच गोष्टी सांगितल्या. लिमलेटची गोळी बंद, घोट घोट पाणी. मिश्री बंद, फ्लोराइडची पेस्ट. कवळी रात्री काढून ठेवायची, बुरशीवरचं औषध टाळ्याला लावायचं. आणि पायांच्या गोळीबद्दल डॉक्टरांना चिठ्ठी, स्वतःच्या मनानं सोडायची नाही. मिश्रीवर आज्जी काही बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांची तव्यावर भाजलेली सवय. तिचा करपट, गोडसर वास त्यांच्या पदराला होता.

सहा आठवड्यांनी फेरतपासणी होती. मी मुद्दाम गेले. ऊन तापलं होतं, व्हरांड्याची फरशी पोळत होती म्हणून बायका आत वर्गात बसल्या होत्या. आज्जी उशिरा आल्या, नातवाच्या गाडीवरून. आशाताईंनी हाक मारली, ‘‘अव्वा, बरं हाय का?’’ आज्जींनी नुसती मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले, गाल किंचित फुगलेले. डॉक्टरबाईनं विचारलं, गोळी बंद केली का? पुन्हा मान. मिश्री? हात हलवून ‘थोडी थोडी’. मग बोट नळ्यांच्या खोक्याकडे. लवकर दे.

नातवानं उलगडा केला. घरून निघाल्यापासून आज्जी बोलल्या नव्हत्या. मागच्या खेपेला नळी भरली नाही याची त्यांना लाज वाटली होती. म्हणून या वेळी सकाळपासून तोंडात जमवून, जपून आणलं होतं. वाटेत कुणी रामराम केला, तर त्यालाही हातच केला.

आशाताईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरबाई हसली नाही. ती आज्जींच्या समोर खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, ‘‘अव्वा, हे चालत नाही. आधी गिळायचं, मग घड्याळ लावायचं.’’

आज्जींनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या नळीकडे. आणि डोळे मिटून मोठा आवंढा गिळला. अख्ख्या वर्गाला ऐकू आला.

डॉक्टरबाईनं घड्याळ लावलं.