दिवस गेल्याचं कळण्याआधीच डोळा घडू लागतो

बाळाच्या डोळ्यात व्यंग दिसलं, की "ग्रहणात सुरी हातात घेतली होतीस का?" असं सुनेला अजूनही विचारलं जातं. ग्रहणाचा आणि गर्भाच्या डोळ्याचा काडीचाही संबंध नाही. विचारायचंच तर पहिल्या दोन महिन्यांत कोणती औषधं घेतली, हे विचारावं. तेही तिला दोष न देता, कारण अनेकदा कारण जनुकांत असतं किंवा सापडतच नाही.

"तिसऱ्या महिन्यात नाव घालू, तेव्हा औषधांचं विचारू" हा समज त्याहून घातक आहे. गर्भधारणेनंतर साधारण 22व्या दिवशी डोळ्यांच्या पहिल्या खाचा उमटतात. तेव्हा पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. घडत्या डोळ्याला खालून एक चीर असते. ती सहाव्या-सातव्या आठवड्यात मिटते. ती नीट मिटली नाही, तर कोलोबोमा होतो. बाहुली गोल न राहता किल्लीच्या भोकासारखी खाली लांबलेली दिसते. व्यंग पडद्याच्या मध्यापर्यंत गेलं असेल, तर गेलेली नजर चष्म्याने परत येत नाही.

थॅलिडोमाइड म्हटलं की आखूड हात-पाय आठवतात. पश्चिम जर्मनीत 1957 साली झोपेची निर्धोक गोळी म्हणून आलेलं आणि 1961 मध्ये तिथल्या बाजारातून काढलेलं हे औषध. त्याने काही मुलांचे डोळेही लहान राहिले, काहींना कोलोबोमा झाला, काहींचे डोळे बाहेरच्या बाजूला वळेनात. ते इतिहासजमा झालेलं नाही. कुष्ठरोगातल्या रिअ‍ॅक्शनवर आणि मल्टिपल मायलोमावर ते आजही देतात.

"मुरुमांचीच तर गोळी!" असं म्हणून मैत्रिणीची उरलेली स्ट्रिप घेणाऱ्या मुलींची मला फार काळजी वाटते. आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भाचा मेंदू, हृदय, कान आणि डोळे बिघडू शकतात. ते बंद केल्यावरही किमान महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. गर्भपाताच्या गोळ्याही परस्पर आणून घेऊ नयेत. मिसोप्रोस्टॉल घेऊनही गर्भ टिकला, तर बाळाचा चेहरा हलत नाही आणि डोळे बाहेर वळत नाहीत, अशी उदाहरणं ब्राझीलमध्ये नोंदली गेली आहेत.

म्हणून सगळ्याच गोळ्या फेकायच्या का? मुळीच नाही. फिटची गोळी अचानक थांबवली, तर येणारी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. फिटसाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बाईने मूल हवं असं ठरताच, दिवस जाण्याआधी, डॉक्टरांना गाठावं. गोळी बदलायची की नाही, हे तेच ठरवतील.

आणि "सोनोग्राफी नॉर्मल होती" यावर विसंबू नका. कोलोबोमा तिच्यात सहसा दिसत नाही. बाळाची बाहुली वेगळी किंवा पांढुरकी वाटली, तर सव्वा महिना होण्याची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे न्या.