सशाचे वाढते दात
ससा ताटलीकडे धावतो, हुंगतो आणि मागे फिरतो. घरच्यांना वाटते, रुसला असेल. वस्तुतः त्याला भूक असते. दुखतात ते दात. सशाचे सर्व २८ दात आयुष्यभर वाढत राहतात आणि वाळलेले गवत तासन्‌तास चावण्यानेच झिजतात, गाजर-बिस्किटांनी नव्हे. झीज पुरेशी झाली नाही, की दाढांना धारदार कंगोरे फुटून जीभ व गाल सोलले जातात. हनुवटी ओली राहते, लेंड्या बारीक होतात. जबड्याची ठेवण एकदा बिघडली, की घासून घेतलेले दात पुन्हा वाढतात. पुढच्या दातांसाठी बहुधा दर ४ ते ६ आठवड्यांनी पशुवैद्याकडे जावे लागते. घरी नेलकटर लावू नये, दात उभा चिरतो. आणि सशाने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही, तर उद्याची वाट पाहू नये. उपाशी सशाचे आतडे थंडावते.