भीमाच्या बैठकीतील चित्रलेख

लखनऊ छावनीत नोकरीनिमित्त वा पलटणीबरोबर येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस मुंबईकडे नेणारी पुष्पक एक्सप्रेस भोपाळ सोडून इटारसीच्या वाटेस लागली, की ओबेदुल्लागंजच्या मुलखात विंध्याद्रीच्या वालुकाश्माचे दुर्गासारखे भासणारे कडे दिसू लागतात. त्यांच्या पोटात मनुष्यजातीच्या चित्रकलेचे केवढे प्राचीन भांडार आहे, हे डब्यातल्या फार थोड्या प्रवाशांस ठाऊक असते. १९५७ साली याच लोहमार्गाने जाणाऱ्या एका मराठी चित्रकाराने मात्र ते कडे पाहिले आणि वाट वाकडी करून तो तेथवर चालत गेला. नीमचला १९१९ साली जन्मलेले व उज्जैनीस कर्मभूमी मानलेले विष्णु श्रीधर ऊर्फ हरिभाऊ वाकणकर हे त्याचे नाव, आणि भीमबेटका हे त्या स्थानाचे.

सात टेकड्यांवर पसरलेल्या या परिसरात सातशेंहून अधिक शैलाश्रय आहेत आणि त्यांपैकी चारशेंहून अधिकांत चित्रे आहेत. बहुतेक गेरूच्या तांबड्या व पांढऱ्या रंगांत, क्वचित हिरव्या-पिवळ्यांत, हत्ती, गवे, सांबरे, वाघ, मृगयेस निघालेले धनुर्धर, मधाची पोळी काढणारी माणसे, हातात हात गुंफून नाचणाऱ्यांच्या रांगा असा सारा संसार तेथे मांडलेला आहे. एका खडकावर शिंगे असलेला, वराहासारखा दिसणारा एक अजस्र प्राणी एका चिमुकल्या माणसाच्या पाठीस लागला आहे. ते भय चितारणाऱ्याच्या हातातून आजही पाहणाऱ्यापर्यंत पोहोचते. मध्याश्मयुगीन चित्रांवर पुढच्या लोकांनी आपली चित्रे काढली, त्यांवर ऐतिहासिक काळातील खड्गधारी घोडेस्वार आले, आणि तरीही कोणी आधीचे खरवडून टाकले नाही. मला या गोष्टीचे सर्वांत अधिक अप्रूप वाटते.

वाकणकरांच्या शोधाचे श्रेय त्यांच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये. १९७५ साली त्यांस मिळालेली पद्मश्री यथायोग्यच होती. परंतु ज्यांना आपण शोध म्हणतो त्या जागा परिसरातील आदिवासींस कधी अज्ञात नव्हत्या. १८८८ साली किनकेड नामक इंग्रजाने भीमबेटक्याचा पहिला लेखी उल्लेख केला, तोही त्यांच्याच तोंडून मिळालेल्या माहितीच्या आधारे, आणि स्थान बौद्धांचे असल्याचा चुकीचा तर्क लढवून. लोकांनी ही भीमाची बैठक मानली. तेथे देवीचे ठाणे आहे. भोवतालच्या एकवीस गावांत, गोंड-कोरकूंच्या वस्त्यांत, ज्या चालीरीती आहेत त्यांचे चित्रांतील जीवनाशी निकट साम्य असल्याचे युनेस्कोने २००३ साली जागतिक वारशाच्या यादीत या स्थानाचा समावेश करताना नमूद केले. जी जागा देवाची, तिला उगाच हात लावायचा नाही, या भावनेने कोणत्याही सरकारी बंदोबस्तापूर्वी शतकानुशतके हे खडक राखले असावेत, असे माझे मत आहे.

या अभ्यासात पुण्याचा वाटाही मोठा. डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी येथे उत्खनने केली, आणि लखनऊच्या कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेले यशोधर मठपाल यांनी त्याच संस्थेत संशोधन करताना चित्रांस स्पर्श न करता, केवळ नजरेने मापून, शेकडो प्रतिकृती जलरंगांत उतरवल्या. लखनऊ आणि पुणे यांचा असा संगम दोन्ही शहरांनी विसरावा, हे बरे नव्हे.

आम्हां लखनऊकरांस तर भोपाळपर्यंतही जावयास नको. आमच्याच प्रांतात मिर्झापूर व सोनभद्र या जिल्ह्यांच्या हद्दीत, कैमूरच्या डोंगरांत, तितकेच मोलाचे शैलाश्रय आहेत. पुढे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमचे सहायक झालेल्या आर्चिबाल्ड कार्लाइल यांनी सोहागीघाटची चित्रे १८६७-६८ मध्ये पाहिली, म्हणजे स्पेनमधील आल्तामिराच्या गुहेतील चित्रे १८७९ साली उजेडात येण्याच्या दशकभर आधी. पण टिपणे दप्तरातच राहिली आणि इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनी त्यांतील मजकूर १९०६ साली छापला तेव्हा कीर्ती स्पेनकडे जाऊन चुकली होती. १८८३ साली कॉकबर्न यांनी मिर्झापूरच्या एका खडकावरील गेंड्याच्या शिकारीचे चित्र प्रसिद्ध केले. त्या मुलखात आज गेंडा उरलेला नाही, चित्र मात्र त्याची साक्ष देते. अहरौऱ्याजवळ लिखनिया येथे धबधब्याकाठी हत्ती पकडण्याचे दृश्य आहे आणि रॉबर्ट्सगंजनजीकच्या पंचमुखी टेकडीवर महादेवाच्या सान्निध्यात चित्रे आहेत.

पावसाळ्यात या शैलाश्रयांकडे सहलीस येणारे लोक चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर पाणी मारतात, कोळशाने शेजारी नावे लिहितात, खडकाच्या आडोशास चूल पेटवतात. ओलाव्याने व धुराने रंगाचे थर झिजतात. वाचकांनी तेथे जरूर जावे, मुलांस न्यावे, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा, आणि चित्रांपासून दोन हात दूर उभे राहूनच ती पाहावीत.