'मकडी मूत गई' म्हणण्याआधी कोळ्याचे शरीर पाहू या

अंगावर एका बाजूला पाण्याचे फोड आले, आग होऊ लागली, की घरातली मोठी माणसे म्हणतात, 'मकडी मूत गई'. मराठी शेजारीही 'कोळी मुतला' म्हणतात. मग लेप सुरू होतात आणि डॉक्टर राहून जातो. हे कितपत खरे आहे?

आम्ही वर्गात विचारले की बहुतेक मुले कोळ्याला कीटक म्हणतात. तो कीटक नाही. मुंगी, झुरळ यांच्या शरीराचे भाग तीन आणि पाय सहा. कोळ्याचे भाग दोन आणि पाय आठ. त्याला पंख नसतात, मिशाही नसतात. डोळे बहुधा आठ, तरी जाळे विणणाऱ्या बऱ्याच कोळ्यांची नजर कमजोरच. ते पायांना जाणवणाऱ्या थरथरीवरून शिकार ओळखतात. पाय सरळ करायला त्याच्याकडे स्नायू अपुरे. शरीरातल्या द्रवाच्या दाबाने ते ताणले जातात. दाब गेला की पाय आत वळतात, म्हणून मेलेला कोळी मुठीसारखा दिसतो.

धागा पोटाच्या टोकाकडून निघतो. आत तो द्रव असतो, बाहेर ओढला की घट्ट होतो. विष मात्र तोंडापाशी असलेल्या दोन विषदातांत. म्हणजे विष टोचावे लागते, अंगावर सांडत नाही. घरातल्या बहुतेक कोळ्यांचे दात आपल्या कातडीत नीट रुततही नाहीत. कोळ्याची विष्ठा म्हणजे भिंतीवरचे बारीक ठिपके. त्याने फोड येत नाहीत.

मग ते फोड कशाचे? एका बाजूला पट्ट्यासारखे आले असतील तर बहुधा नागीण. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू शरीरात दबून राहतो आणि पुढे उठतो. पावसाळ्यात दिव्याजवळ येणारा काळा-नारिंगी बारीक किडा अंगावर चिरडला तरी तशीच आग होते. नागिणीचे औषध पहिल्या 3 दिवसांत सुरू केले तर जास्त उपयोगी पडते. फोड डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि भिंतीवरचा तो मोठा तपकिरी कोळी? तो झुरळे खातो. नकोच असेल तर ग्लासखाली धरा, पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडा. मुलांनाही हेच शिकवू या.